नेट आधी गेलं की दगड आधी आला

अंगठा आणि शेजारचं बोट फोटोवर टेकवायचं आणि हळूच एकमेकांपासून दूर न्यायचं. फोनमधला फोटो मोठा करायची ही सवय आता बहुतेकांच्या हातांना लागली आहे. सर मात्र छापील वर्तमानपत्रातल्या फोटोवरही बोटं तशीच फाकवायचे. फोटो अर्थातच होता तेवढाच राहायचा. मग ते माझ्याकडे ओझरतं बघायचे, शाई लागलेली बोटं पँटला पुसायचे आणि पेपर नाकाशी नेऊन म्हणायचे, "मराठी, सावली बघा."

मराठी म्हणजे मी. आम्ही एकाच शाळेत शिकवलं. स्टाफरूममध्ये एकमेकांना विषयाच्या नावानं हाक मारायची पद्धत होती. ते भूगोल शिकवायचे, पण माझ्याहून बरेच मोठे, म्हणून मी त्यांना कधी भूगोल म्हणालो नाही. सर म्हणायचो. इथंही सरच म्हणतो.

सावलीवर त्यांचा माणसांपेक्षा जास्त विश्वास होता. नवीन वर्ग हाती आला की ते पोरांना मैदानात न्यायचे, एक काठी जमिनीत रोवायचे आणि तिच्या सावलीवरून उत्तर दिशा काढायला लावायचे. ज्याचं चुकेल त्याला शिक्षा ठरलेली होती. स्वतःची सावली पायाखाली येईपर्यंत उन्हात उभं राहायचं. आपल्याकडे सावली अशी पूर्ण पायाखाली वर्षातून दोनच दिवस येते, एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा पावसाळ्याच्या ढगांत, हे त्या पोराला ठाऊक नसायचं. सर वर्गाच्या खिडकीतून त्याच्याकडे बघत शिकवत राहायचे. तास संपला की बाहेर जाऊन विचारायचे, "आली का रे?" पोरगं रडकुंडीला येऊन म्हणायचं, नाही सर. "नायच येणार," सर म्हणायचे, "मास्तर सांगतो म्हणून खरं मानायचं नसतं." आणि स्वतःच्या पैशानं त्याला लिंबू सरबत पाजायचे.

स्टाफरूममध्ये आम्ही हे हसत सांगायचो. त्या पोरांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल याचा विचार कोणी केला नाही.

निवृत्त झाल्यावरही आम्ही जवळजवळच राहिलो. गारखेड्यात आमची कॉलनी आहे; त्यांचं रो-हाउस माझ्या दारातून दिसतं. त्यांचा मुलगा अमोल वाळूजला एका कंपनीत लागला आणि पहिल्या बोनसमधून त्यानं बापाला मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला. माझा फोन अजून बटणांचा आहे. कॉलनीचा जो व्हॉट्सअॅप ग्रुप आहे तो मी कधी डोळ्यांनी पाहिला नाही, पण त्यातलं मला सगळं माहीत असायचं, कारण सर रोज संध्याकाळी माझ्या पायरीवर बसून तो मोठ्यानं वाचून दाखवायचे. विरोधकांचे मेसेज ते आवाज बदलून वाचायचे. एक निवृत्त बँक अधिकारी होते, त्यांना सगळे बँकवाले म्हणतात. त्यांचे मेसेज सर नाकातून वाचायचे. बँकवाले प्रत्यक्षात नाकात बोलत नाहीत. पण आजही ते भेटले की मला तोच आवाज ऐकू येतो. एखाद्या माणसावर इतका अन्याय करून ठेवणं सरांना सहज जमायचं.

सुरुवातीला ग्रुपवर पाणी कधी येणार आणि कुणाची गाडी कुणाच्या दारात लागली एवढंच असायचं. मग बाहेरचे फोटो यायला लागले. आपल्या शहरातला मोर्चा म्हणून एक फोटो खूप फिरला होता. सरांनी तो मोठा करून पाहिला आणि लिहिलं की, ज्या वेळचा म्हणून हा फोटो दिलाय त्या वेळी आपल्याकडे सावल्या त्या बाजूला पडूच शकत नाहीत. फोटो खरोखरच दुसऱ्या राज्यातला निघाला. ग्रुपनं टाळ्यांची चित्रं पाठवली. ती चित्रं सरांनी मला बोट वर सरकवत सावकाश दाखवली. इतकी वर्षं शिकवून त्यांना टाळ्या अशा कधी मिळाल्या नव्हत्या.

त्यानंतर कॉलनीतली माणसं त्यांच्याकडे फोटो घेऊन यायला लागली. भाजी घेताना, जिन्यात, अगदी बारशात. सर चष्मा वर करून बघायचे आणि निकाल द्यायचे. काही वेळा बरोबर असायचे. हळूहळू असा फोटोच उरला नाही की ज्यात त्यांना काही सापडलं नाही. खरा म्हणावा असा फोटो पाहिल्यावर ते अस्वस्थ व्हायचे. पुन्हा पुन्हा बघायचे. घरी येणारी दोन्ही वर्तमानपत्रं त्यांनी बंद केली आणि महिन्याभरात परत सुरू केली, कारण चुका पकडायला सकाळी काही हाताशी नसायचं.

कुठंही काही पेटलं की त्यांचं वाक्य तयार असायचं. "त्यांना मालूम होतं." त्यांना म्हणजे सरकारला. कोणतं सरकार, याच्याशी सरांना कर्तव्य नव्हतं. जे असेल ते. बँकवाल्यांचं म्हणणं असायचं की तपास चालू आहे, जबाबदार नागरिकानं अफवा पसरवू नये, आणि मग ते टीव्हीवरच्या एखाद्या चर्चेचा तुकडा पाठवायचे. सर म्हणायचे, टीव्हीवाल्यांनाही मालूम होतं. शहराचं नाव जुनं लिहिलं की माणूस एका बाजूचा ठरतो आणि नवं लिहिलं की दुसऱ्या, म्हणून सर फक्त 'शहर' लिहायचे. तेवढी सावधगिरी त्यांच्यात होती. माणसांच्या बाबतीत ती नव्हती.

एक व्हिडिओ मला आठवतो. तो मी सरांच्या फोनवरच पाहिला. कुठल्या तरी गावात जाळपोळ झाली होती आणि एक बाई जळालेल्या टपरीपुढे बसून रडत होती. सरांनी तो थांबवून थांबवून पाहिला. म्हणाले, "हात बघा. रडताना पदर सावरतीय. नटी हाय ही." वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या होत्या. त्या मागून बघत होत्या. म्हणाल्या, "बाईचं जळालंय हो. पदर तर मीबी सावरते." सर हसले आणि त्यांनी ग्रुपवर लिहिलं की बाई भाड्याची आहे. त्यावर खूप टाळ्या आल्या.

मग आमच्या शहरात तसा दिवस आला.

कोणते दोन जमाव होते ते मी लिहीत नाही. शहर ज्यांना माहीत आहे त्यांना ते सांगावं लागत नाही आणि ज्यांना नाही त्यांना सांगून उपयोग नाही. दुपारपासून ग्रुपवर हवा तापली होती. नेट बंद होणार अशी कुजबुज होती आणि सरांनी तीच धरली. नेट बंद करायची तयारी आधीच झाली असेल तर पुढं काय होणार ते त्यांना मालूम होतं, असं त्यांचं म्हणणं. बँकवाले म्हणत होते, ही अफवा आहे. सर घरी एकटे होते. वहिनी उस्मानपुऱ्यात बहिणीकडे गेल्या होत्या. अमोल कंपनीतून सुटून मोटरसायकलवर घरी निघाला होता.

शहरात शिरताना पुढचा रस्ता बंद झालेला त्याला दिसला. मागं फिरायलाही जागा नव्हती. वडिलांना फोन लावून उपयोग नाही हे त्याला माहीत होतं. सर ग्रुपवर लिहायला बसले की येणारे फोन कापायचे. फोन घेतला की लिहिलेलं पुसलं जातं अशी त्यांची समजूत होती. म्हणून त्यानं आईला आपण कुठं आहोत ते पाठवलं आणि खाली लिहिलं, पप्पांना विचार कोणती गल्ली मोकळी आहे. त्या भागातली गल्ली न् गल्ली सरांना पाठ होती. तिथल्या एका बोळात गटाराचं काम चालू असून तो मागून बंद आहे, हे त्यांनी मला आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

वहिनींनी सरांना फोन केला. सरांनी कापला. परत केला, परत कापला. तेव्हा त्या बाईंनी जे सुचलं ते केलं. नवरा जिथं आहे तिथं त्या गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ग्रुपवर लिहिलं: "अहो अमोल अडकलाय. कोणती गल्ली मोकळी हाय ते लवकर सांगा."

त्याच्या खाली सरांचा मेसेज आहे. बँकवाल्यांना उत्तर. लांबलचक आणि चांगला लिहिलेला. त्याखाली बँकवाल्यांचं उत्तर, त्याखाली पुन्हा सर. मधल्या वेळात अमोल वाट बघून आपल्या अंदाजानं एका बोळात शिरला. तो बोळ मागून बंद होता. गाडी वळवताना दगड आला आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. कुठून आला ते त्याला दिसलं नाही. त्यानंतर थोड्या वेळानं शहरातलं नेट गेलं.

हे सगळं मला वहिनींनी नंतर सांगितलं.

डोळा वाचला नाही. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर अमोलनं पहिलं विचारलं ते हेच, की पप्पांना निरोप मिळाला होता का. वहिनी त्याच्या उशाशी होत्या, सर पायाशी. वहिनी म्हणाल्या, "माझ्यापर्यंत आला रे राजा. पप्पांना पाठवायला गेले तर नेटच गेलं." बोलून झाल्यावर त्यांनी सरांकडे बघितलं. अमोल म्हणाला, "जाऊ दे मम्मी." आणि त्यानं वडिलांच्या दिशेनं हात पुढे केला. सरांनी तो धरला.

तिथंच हे संपायला हवं होतं. त्या घराला जगण्यापुरतं एवढं खोटं पुरेसं होतं. वहिनींनी घरी येऊन तो मेसेज पुसूनही टाकला. तसा तो फक्त आपल्याच फोनमधून पुसला जातो आणि बाकी सगळ्यांकडे राहतो, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, गेला.

माणूस खोट्यात सामील झाला की निदान त्याचं त्याला ते आठवत असतं, असं मी समजत होतो. सरांच्या बाबतीत तसं झालं नाही. दोन-तीन दिवसांत नेट परत आलं आणि ग्रुप पुन्हा सुरू झाला. भांडण जिथं तुटलं होतं तिथूनच जोडलं गेलं: नेट आधी गेलं की दगड आधी आला. नेट आधी गेलं असेल तर सरकारला मालूम होतं. सर संध्याकाळी माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण डोळ्यांत काहीतरी होतं. म्हणाले, "मराठी, आता माझ्याकडं पुरावा हाय. नेट आधीच गेलं. अमोलचा निरोप मला आलाच नाय ना. आला असता तर?"

मला तेव्हा खरं ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, सर, हे ग्रुपवर नका टाकू, पोराला बरं होऊ द्या. ते म्हणाले, पोरासाठीच टाकतोय.

त्यांनी पट्टी बांधलेल्या अमोलचा फोटो टाकला. खाली लिहिलं की, माझ्या मुलानं मदत मागितली, पण नेट आधीच बंद केल्यामुळं निरोप पोचला नाही आणि त्याचा डोळा गेला. ज्यांना मालूम होतं ते जबाबदार आहेत.

कॉलनीनं तो फोटो मोठा करून पाहिला. बघायला त्यांना सरांनीच शिकवलं होतं. एकानं लिहिलं, फोटो जुना वाटतो. दुसऱ्यानं लिहिलं, पट्टी फारच स्वच्छ आहे. कुणीतरी विचारलं की दगड नक्की कोणत्या जमावाचा होता ते का सांगत नाही. दिसलं नाही, असं सरांनी लिहिलं. तेव्हा दोन्ही बाजू त्यांच्यावर उलटल्या. जो बाजू सांगत नाही तो बनाव करतोय, यावर त्यांचं एकमत झालं. एक जण हसणारा चेहरा टाकून म्हणाला, सर, सावली बघा. हे सगळं सरांनी मला वाचून दाखवलं, पण आवाज न बदलता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात थर्मासमधून चहा घेऊन गेलो होतो. सर आले ते हातात त्या दिवसाचा पेपर घेऊन. गेटवरून विकत घेतला होता. त्यांनी अमोलला उठवून बसवलं आणि पेपर त्याच्या छातीशी धरायला लावला.

"कशाला पप्पा?"

"लोक जुना म्हणतात. तारीख दिसू दे."

अमोलनं पेपर धरला. एका डोळ्याला अजून अंतराचा अंदाज येत नव्हता. पेपर कधी खाली जायचा, कधी तिरका व्हायचा. सर दोन पावलं मागं सरले.

"जरा वर घे. तारखेवर बोट येतंय तुझं."

त्यानं बोट बाजूला घेतलं. वहिनींनी तोंड भिंतीकडे केलं. आयुष्यभर ज्या वर्तमानपत्राचं एक अक्षर खरं मानलं नाही, ते या माणसाला आपल्या पोराच्या छातीवर तारखेपुरतं खरं हवं होतं. मी चहा ओतत राहिलो. कप भरून वाहून गेला तेव्हा थांबलो.

तो फोटोही ग्रुपवर गेला. त्याला उत्तर बँकवाल्यांनी दिलं. ते फार काही बोलले नाहीत. दगड लागला त्या दिवशीचं संभाषण वर सरकवत सरकवत त्यांनी वहिनींचा मेसेज शोधून काढला आणि त्याचं चित्र टाकलं. वहिनींचा मेसेज, त्यावरची वेळ, आणि त्याला चिकटून खाली सरांचं लांबलचक उत्तर. वर त्यांनी एवढंच लिहिलं होतं: "नेट चालू होतं. सरांना निरोप मिळालेला होता. कृपया अफवा पसरवू नये."

बँकवाल्यांना वाईट म्हणावं असं मला अजूनही वाटत नाही. ते वाद जिंकत होते. त्यांच्या जागी सर असते तर त्यांनीही हेच केलं असतं, आणि जास्त चांगल्या भाषेत.

अमोल त्याच दिवशी दवाखान्यातून घरी आला होता. मी भेटायला गेलो तेव्हा तो दिवाणावर बसून आईचा फोन उजव्या डोळ्याजवळ धरून वाचत होता. ग्रुप त्यानं कधीचा बघायचा सोडला होता. आपल्या फोटोला लोक काय म्हणतात म्हणून आईच्या फोनवर उघडला होता. सर आतून आले ते आपला फोन हलवत. मला बघून म्हणाले, "मराठी, हे चित्र खोटं हाय. बनवलेलं हाय. अक्षरं बघा, वेळेचा आकडा बघा."

अमोलनं विचारलं, "मम्मी?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदराचं टोक हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. सर अजून त्या चित्रावर बोटं फाकवत होते.

अमोल अगदी शांतपणे म्हणाला, "पप्पा, तुम्हाला मालूम होतं."

"वाचला नाय रे. दिसलाच नाय मला. आईशप्पथ."

"तुमच्या मेसेजच्या वरच आहे."

मी आणलेली संत्री स्टुलावर ठेवून निघालो. दारात बँकवाले भेटले. त्यांच्या हातात डबा होता. अमोलसाठी त्यांच्या पत्नीनं मुगाची खिचडी दिली होती. मी त्यांच्याकडे बघत राहिलो तेव्हा ते म्हणाले, "ग्रुपवरचं ग्रुपवर हो. शेजारधर्म वेगळा." आणि चपला काढून आत गेले. त्या घरात तो डबा कसा घेतला गेला हे मला माहीत नाही. घेतला गेला एवढं खरं. दुसऱ्या दिवशी रिकामा डबा धुऊन परत नेताना वहिनी दिसल्या.

अमोल घर सोडून गेला नाही. गेला असता तर सरांना सोपं झालं असतं. तो कंपनीत जाऊ लागला, पगार आईच्या हातात देऊ लागला, वडिलांची औषधं न विसरता आणू लागला. फक्त बसताना तो अशा जागी बसायचा की सर त्याच्या डाव्या बाजूला येतील. सर उठून उजवीकडच्या खुर्चीत गेले की तो पाणी घ्यायला उठायचा आणि परत येताना जागा बदलायचा. हे इतकं सहज व्हायचं की पहिल्यांदा मला योगायोग वाटला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्याच्या डाव्या अंगानं जाताना आधी चाहूल द्या, नाहीतर दचकतो. म्हणून सर खोलीत शिरण्याआधी खोकायचे. अमोलला खोकला ऐकू यायचा. तो मान वळवायचा नाही.

कृत्रिम डोळा बसवायच्या दिवशी सर कपडे करून तयार झाले होते. अमोल माझ्या दारात येऊन म्हणाला, "काका, तुम्ही चला माझ्याबरोबर." सर त्याच्या मागं फाटकाशी उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि आत जाऊन दार लोटलं. दवाखान्यात डोळा बसवणाऱ्या माणसानं ताटलीत मांडलेले डोळे दाखवले आणि अमोलच्या चांगल्या डोळ्याशी रंग जुळवायला मला जवळ बोलावलं. मला समजेना. सगळे सारखेच तपकिरी. मला एकच कळत होतं, की या कामाला रंगाच्या आणि उजेडाच्या फरकावर जन्म घालवलेला माणूस हवा होता, आणि तो घरी दार लावून बसला होता. मी एकाकडे बोट दाखवलं. तो किंचित चुकलेला आहे. उन्हात कळतो.

सरांनी ग्रुपवर परत कधी लिहिलं नाही. वाचत मात्र होते. संध्याकाळी पायरीवर यायचे, फोन हातात धरून बसायचे आणि मला काही वाचून दाखवायचे नाहीत. काही दिवस ते त्या बोळात जाऊन उभे राहत. दगड कोणत्या गच्चीवरून आला असेल ते सावल्या धरून शोधायचा प्रयत्न करत. तिथल्या लोकांना वाटलं, हा सरकारचा माणूस आहे. कुणीतरी त्यांना ढकललं. हाताला खरचटलेलं मला दाखवत म्हणाले, "कुठूनबी आला असता, मराठी. चारीकडून जागा हाय."

"तुम्ही असता तर वाचला असता का तो मेसेज?"

मी म्हणालो, मी ग्रुपवर नाही, सर.

"म्हणून तर विचारतोय," ते म्हणाले.

बरं वाटेल असं एक वाक्य मला देता आलं असतं, पण त्या माणसाला मी ओळखत होतो. त्यानं ते वाक्य उलटंपालटं करून पाहिलं असतं आणि त्यातली फट शोधली असती.

थंडी सुरू झाली तेव्हा सर गेले. झोपेत. सकाळी वहिनींनी हाक मारली आणि उत्तर आलं नाही. ग्रुपवर बातमी गेली तेव्हा कुणीतरी विचारलं म्हणे, की कन्फर्म आहे का. बँकवाल्यांनी लिहिलं, मी स्वतः पाहून आलो. त्यानंतर हात जोडलेली चित्रं येत राहिली.

स्मशानात माणसं बरीच होती. शाळेतले जुने विद्यार्थीही आले होते, पोटं सुटलेले, टक्कल पडलेले. उन्हात उभे राहिलेले त्यांतले कोण ते मला ओळखता आलं नाही. लाकडं रचून झाली. चेहरा तेवढा उघडा ठेवला होता. गुरुजींनी अमोलला पुढं बोलावलं आणि पाण्यानं भरलेलं मडकं त्याच्या डाव्या खांद्यावर द्यायला लागले. तो म्हणाला, "उजवीकडं द्या. डावीकडचा अंदाज येत नाही मला." गुरुजी घुटमळले, मग त्यांनी उजव्या खांद्यावर दिलं.

या फेऱ्या उलट्या घालायच्या असतात. देवळात आपण देवाला उजवीकडे ठेवून फिरतो. इथं मृताला डावीकडे ठेवायचं. गुरुजींनी ते सांगितलं तेव्हा मी अमोलकडे बघितलं. इतके महिने त्या पोरानं जी बाजू बापासाठी राखली होती तीच आता विधीनंही दिली होती. तो चालायला लागला. मागून एक नातेवाईक हातात दगड घेऊन चालत होता. त्यानं मडक्याला भोक पाडलं तेव्हा अमोल सबंध अंगानं दचकला. पाणी त्याच्या पाठीवरून वाहायला लागलं. तो समोर बघत चालत होता. पलीकडच्या कोपऱ्यावर एक ओंडका रचलेल्या लाकडांतून बाहेर आलेला होता. तो डावीकडे होता, अमोलला दिसणं शक्य नव्हतं. त्याचं पाऊल अडकलं, तोल गेला, मडकं हिंदकळलं. बँकवाले जवळच होते, त्यांनी त्याचा दंड धरला. अमोलनं तो सोडवून घेतला.

पुन्हा अडखळू नये म्हणून त्याला एकच उपाय होता. त्यानं मान पूर्ण डावीकडे वळवली आणि उजवा डोळा त्या बाजूला आणला. उरलेल्या फेऱ्या तो तसाच चालला, चेहरा सरांच्या चेहऱ्याकडे करून, पाऊल लाकडाला लागणार नाही एवढं जपत.